केसरबाईचा मुराळी

फुलंब्रीकडच्या जुन्या बायकांचा एक मान असतो आणि तो त्या काही केल्या सोडत नाहीत. या घरून त्या घरी जायचं तर कुणीतरी न्यायला यावं लागतं. लेक माहेरी निघायची तर भाऊ येतो, सोबत शिदोरी आणतो, चहापाणी घेतो आणि तिची पिशवी स्वतःच्या हातात घेऊन पुढं चालतो. त्याला मुराळी म्हणतात. बस दारावरून जात असली तरी बाई एकटी उठून जात नाही. गेलीच तर गल्ली विचारते, का गं, कुणी आणायला नाही आलं का तुला?

केसरबाई लेकाकडं, अतुलकडं, आली ती नातीच्या बारशाला. बारशापुरतीच पातळं पिशवीत घालून आली होती. बारसं झालं, सून रूपाची रजा संपली आणि तान्ह्या तनुजाला कोण बघणार हा प्रश्न हॉलमध्ये ठाण मांडून बसला. पाळणाघरात ठेवावं तर रूपाचा निम्मा पगार तिथंच जाणार. मग केसरबाई राहिली. तनुजा रांगली, बोलली, बालवाडीत गेली, तरी केसरबाई राहिलेलीच होती. नवरा धोंडिबा तिकडं गावात, वावर आणि म्हैस सांभाळत, स्वतःच्या हातानं भाकरी थापत. अतुलचा फ्लॅट हॉल आणि एका खोलीचा. त्यात आणखी एक माणूस मावत नव्हतं आणि म्हशीची तर गोष्टच नको. गाव काही लांब नाही. सोसायटीबाहेरच्या फाट्यावर फुलंब्रीची बस थांबते. पण जवळच्या गावाला जाणंच माणसाकडून राहून जातं. सणाला दोन दिवस जायची, तेही अतुलच्या गाडीवर मागं बसून आणि त्याच्याच गाडीवर परत.

ठरलं होतं ते असं, की तनू पहिलीत गेली की तिची शाळा दिवसभराची होणार आणि केसरबाई मोकळी. धोंडिबा फोनवर विचारायचा, "कधी भरती शाळा?" आणि केसरबाई या वयात लाडात यायची.

"भरंल तवा भरंल. पर मी एकटी नाय यायची. मुराळी धाडा."

"तुझे भाऊ तर गेले वर. धाडू कुणाला?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

"मंग म्याच येतो. शाळा भरंल त्या सोमवारीच येतो." धोंडिबा हसला. "नवराच मुराळी! लई दिवस पुरंल गल्लीला हसाया."

आणि गडी खरंच गल्लीभर सांगून मोकळा झाला. शेजारच्या पारूबाईनं तर फोन करून कळवलं, की वहिनी, तुमचं अंगण मी सारवून ठेवते, या आता. त्या फोननंतर केसरबाई रांधताना स्वतःशीच गुणगुणत होती. रूपानं ते ऐकलं आणि ती आत गेली.

रविवारी संध्याकाळी अतुल तिच्यासमोर येऊन बसला. खाली मान घालून बोलणारं पोर ते नव्हतं, पण आज मान वर होत नव्हती.

"आई, थोडं सांगायचंय."

सोसायटीची बोअर आटली होती. महिनाभर टँकर चालू होते आणि त्यासाठी मेंटेनन्स वाढवला होता. घराचा हप्ता वाढला होता. पहिलीचा वर्ग दुपारीच सुटतो हे शाळेनं आता सांगितलं. संध्याकाळपर्यंत पोर ठेवायची तर त्याचे पैसे वेगळे, संध्याकाळच्या व्हॅनचे वेगळे. अतुल सांगत गेला आणि केसरबाई ऐकत गेली. त्यात कुणाचीच लबाडी नव्हती, हेच तर वाईट होतं. कुणावर तरी चिडता आलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

"तू गेलीस तर रूपाला नोकरी सोडावी लागेल," अतुल म्हणाला. "आणि तिची नोकरी सुटली तर हे घर राहत नाही."

"किती दिस?"

"बघू. तनू जरा मोठी होईपर्यंत."

रूपा दाराशी उभी होती. तिनं पदर डोळ्याला लावला. "आई, मला खूप वाईट वाटतंय हो," ती म्हणाली, आणि ते खरं होतं. केसरबाईनं तिलाच जवळ घेऊन पाठ थोपटली. पाठ थोपटताना तिच्या मनात आलं, की माझी कोण थोपटणार.

धोंडिबाला तेव्हाच फोन करायला हवा होता. तिनं फोन हातात घेतला, पण सांगायचं कसं? सारवलेल्या अंगणाला काय सांगायचं? सकाळी सांगू म्हणून तिनं फोन ठेवला. सकाळी अतुल आणि रूपा कामाला गेली, तनू व्हॅनमध्ये चढली. मग तिनं फोन लावला तर तो नुसताच वाजत राहिला. धोंडिबा फोन कधी बरोबर घेत नसे. त्याच्या लेखी फोन ही घरात ठेवायची वस्तू होती.

तेवढ्यात इंटरकॉम वाजला आणि गेटवरून वॉचमन बोलला, "अम्मा, गाँव से एक बाबा आए. मैं मुराळी हूँ बोल रहे. भेजूँ क्या ऊपर?"

धोंडिबा आला तो लग्नाला निघाल्यासारखा. पांढरं स्वच्छ धोतर, डोक्याला लग्नकार्यातला फेटा, हातात फडक्यात बांधलेली शिदोरी. त्यानं स्वतः धपाटे केले होते, एक धड गोल नाही, दोन कडेनं करपलेले.

"चहा टाक मुराळ्याला," तो सोफ्यावर टेकत म्हणाला. "अन् पिशवी कुठंय तुझी? भरली का?"

केसरबाई ओट्याकडं वळली. आधण ठेवलं, साखर घातली, पत्ती घातली. धोंडिबानं इकडं तिकडं पाहिलं. दोरीवर नातीचा दुसरा युनिफॉर्म वाळत होता. दुपारची भाजी अर्धी निवडून ठेवली होती. कोपऱ्यात नाही, दाराशी नाही, पिशवी कुठंच नव्हती. म्हातारा शहाणा होता. चहा उकळेपर्यंत त्याला सगळं कळलं.

"तसा मी कामानंच आलतो म्हना," तो म्हणाला. "हिरीवरच्या मोटारीचं सामान घ्यायचंय, क्रांती चौकात. म्हन्लं जाता जाता बघून जावं."

लग्नाचा फेटा बांधून मोटारीचं सामान आणायला कुणी जातं का? केसरबाईला हसूही आलं आणि हुंदकाही, आणि हुंदकाच पुढं झाला.

"मला यायचंय वो," ती म्हणाली. "तुम्हाला वाटंल हिला शहर लागलं ग्वाड. नाय हो. मला यायचंय."

"मला ठावं नाय व्हय?" धोंडिबा म्हणाला. "रडू नगं. पोराचं घर हाय. ते उभं ऱ्हायलं पायजे." त्यानं बशीत चहा ओतला, फुंकला आणि बराच वेळ प्यायलाच नाही.

दुपारी तनू आली. आजोबांनी केलेले धपाटे तिनं दह्याशी मिटक्या मारत खाल्ले आणि आजोबांचा फेटा स्वतःच्या डोक्यावर घालून घरभर मिरवली. ऊन कललं तसा धोंडिबा उठला.

"निघतो. अतुल यायच्या आत गेल्यालं बरं. त्याला माझ्या तोंडाकडं बघायची पाळी नगं."

"आत्ता निघालात तर उजेडीच पोचाल."

"फाट्यावर बसंन जरा. अंधार पडला की जाईन."

केसरबाई समजली. मुराळी न्यायला जातो आणि मोकळ्या हातानं परत येतो, याच्याइतकी मान खाली घालायला लावणारी गोष्ट गल्लीत दुसरी नाही. पारूबाई ओट्यावर बसलेली असणार. दिवेलागण उलटून, सगळी आपापल्या घरात गेल्यावर म्हातारा भिंतीच्या कडेकडेनं घरात शिरणार होता. तिनं तनूच्या पायात चपला घातल्या, दाराला कुलूप लावलं आणि ती त्याच्यासोबत फाट्यावर आली.

तिघं बाकड्यावर बसली. रस्त्यापलीकडं नव्या इमारतींचे सांगाडे उभे होते. धोंडिबा म्हशीचं सांगत होता, वावरातल्या बांधाचं सांगत होता, गल्लीतल्या बन्सीच्या पोराला मुलगी बघतायत तेही सांगितलं. केसरबाई ऐकत होती. इतका वेळ तो तिच्याशी सलग बोलतोय असं कित्येक वर्षांत झालं नव्हतं. फुलंब्रीची बस आली. कंडक्टरनं हाका मारल्या. धोंडिबानं मान हलवून नको म्हटलं. दुसरी आली, तीही सोडली.

"आजोबा, ही का नाही?" तनूनं विचारलं.

"हिच्यात लई गर्दी हाय, बाळा."

बस रिकामी होती. तनूनं आजीकडं पाहिलं. आजीनं तिचे केस सारखे केले.

सूर्य टेकायला आला आणि फोन वाजला. अतुल होता. "आई, कुठंयस? दाराला कुलूप आहे, चावी नाही माझ्याकडं."

धोंडिबानं हातानंच खूण केली, माझं नाव नको. "आले रे," केसरबाई म्हणाली. "भाजीला आलते. आलेच."

ती उठली. त्यानं बाकड्यावरून तिच्याकडं वर पाहिलं. नवरा न्यायला आला होता आणि निघत होती ती.

"शिळं खाऊ नगा," ती म्हणाली. "म्हशीला सांभाळून. दूध जरा सोताच्या पोटात बी घाला."

"व्हय. जा, पोरगं दारात उभं हाय."

तिनं तनूचा हात धरला आणि ती चालू लागली. वळून पाहिलं असतं तर पाय पुढं पडले नसते, म्हणून पाहिलं नाही. तनू मात्र मान वळवून वळवून मागंच बघत चालली होती. मागं बस थांबल्याचा आवाज आला, कंडक्टरनं फुलंब्री, फुलंब्री म्हणून हाका दिल्या, घंटी वाजली आणि बस निघून गेली.

"आजी," तनू म्हणाली, "आजोबा याही बसमध्ये नाही चढले."

"चढतील," केसरबाई म्हणाली. अजून बराच उजेड होता.