चांदीच्या कानातला बिल्ला

चांदी गेली ती एकादशीच्या सकाळी. काळुरामची गाय. अंगभर लंपीच्या गाठी उठल्या, चौथ्या दिवशी तिनं पाय ताणले आणि संपली. घरं लागून, म्हणून मीच आधी पोचलो. काळुरामची बायको सीताबाई गाईच्या तोंडाशी बसली होती. रडत नव्हती. हातातला पाण्याचा तांब्या तसाच भरलेला.

गुरांच्या डॉक्टरांना फोन केला होता. पण अकरा गावांना एकच डॉक्टर, आणि गोठ्यात चांदीची पाडी बांधलेली. तिलाही लागण झाली तर? थांबणार किती? काळुरामनं बांधाजवळ खड्डा घेतला, मिठागरातली दोन पोती मीठ आणून ठेवलं.

तेव्हा मी बोललो. मला कीर्तनाचं वेड. बुवा उभे राहिले की माझं घरदार सुटतं. पेणला ऐकलेलं आठवलं नि म्हटलं, "वैनी, गाय बांधलेली जाऊ नये. दावं, घंटा, सगळं सोडवा. नायतर पुढल्या जन्मी पुन्हा दाव्यालाच येते, बुवा सांगतात."

तिनं दावं सोडलं. घंटा काढली. मग लस टोचताना सरकारनं कानात मारलेला नंबराचा पिवळा बिल्लाही कातरीनं कापून काढला. गाईला हळदकुंकू लावून मूठमाती दिली आणि दावं, घंटा, बिल्ला सगळं ओहोटीबरोबर धरमतरच्या खाडीत सोडलं. मी हात जोडले. बरं वाटलं होतं मला, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले.

"बिल्ला कुठाय?"

"सोडला," काळुराम म्हणाला.

"कुठं सोडला?"

"खाडीत."

डॉक्टरांनी पेन मिटलं. "अहो, मेलेल्या गाईचा बिल्ल्यासकट फोटो लागतो. सरकार भरपाईचे तीस हजार असेच देतं काय? आता नंबर खाडीला विचारू?"

"ती काय सांगतेय! आमचं शेत गिळलं तवा पण नाय बोलली," काळुराम म्हणाला.

कुणी हसलं नाही. डॉक्टर वाईट नव्हते. म्हणाले, "उकरा. कानाचं भोक फोटोत दिसलं तर 'बिल्ला गहाळ' लिहितो."

काळुरामनं फावडं घेतलं. पावसात मिठागर बंद, त्याची मजुरीही बंद. ते चार महिने चूल चांदीच्या दुधावर. त्या पैशांत दुसरी दुभती आली असती. तो उकरत राहिला. हातभर माती गेली आणि मीठ लागलं. ओलं, पांढरं.

"बस करा," सीताबाई म्हणाली.

"अगो, कान तेवढा."

"कुंकू लावून पाठवलीय मी तिला. परत नाय बोलवायची."

"मग मी काय लिहू, बाई?" डॉक्टरांनी विचारलं.

"लिवा, गाय नव्हतीच."

काळुराम फावड्यावर टेकून उभा राहिला. मग त्यानं माती परत ओढली. डॉक्टरांनी कागद घडी करून खिशात घातला आणि गोठ्याकडे बघितलं. "पाडीला तरी बिल्ला मारून जातो."

सीताबाईनंच पाडीचं डोकं मांडीत धरलं. खटकन आवाज झाला. पाडी थरथरली, ती नाही. पिवळ्या बिल्ल्यावरचं रक्त पदरानं पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "भावजी, ही जाईल तवा मला काय सांगायला येऊ नका."

"नाय येणार, वैनी," मी म्हणालो.

त्या सांजेला पेणला कीर्तन होतं. मी ओट्यावरच बसून राहिलो.