नवमीचा पाना

मनकर्णाबाईंचा सारा जन्म चाकांजवळ गेला. सासरे चिंधूजी बैलगाडीची चाकं घडवत. लोखंडाची धाव गोवऱ्यांच्या आगीत लाल करून चाकावर चढवायची, वरून घागरींनी पाणी ओतायचं, आणि ती आवळत जाताना लाकूड कण्हल्यासारखं करायचं. पन्नास वर्षांमागचा तो आवाज बाईंच्या कानात अजून ताजा होता. मग गाडी रिकामीच शिवेपर्यंत हाकून परत आणायची आणि चिंधूजी साऱ्या पाचरी पुन्हा ठोकायचे. त्या दुसऱ्या ठोकणीशिवाय त्यांनी गाडी कुणाच्या हवाली केली नाही. गिऱ्हाइकानं घाई केली तर त्याला चहा पाजत, पण बैल जुंपू देत नसत.

म्हणून त्या शनिवारी, पिपरी मेघेच्या घरच्या गॅरेजात त्यांच्या मुलानं, कैलासनं, अंकितला जे बजावलं ते ऐकून, उंबऱ्याशी बसून गवारीच्या शेंगा मोडणाऱ्या मनकर्णाबाईंना बरं वाटलं. पोरगा आज्याच्या वळणावर गेला होता.

अंकित हा आंजीच्या पुंडलिकरावांचा एकुलता एक मुलगा. बापाचं बी-बियाण्यांचं दुकान, आणि पोराला नाद ओढ्या-टेकड्यांतून जीप घालायचा. जुनी उघडी जीप घेऊन त्यानं तिला रुंद टायर चढवले होते, पण वळवताना ते आतून घासत. त्यावर त्यानं कुरिअरनं स्पेसर मागवले. स्पेसर म्हणजे दीड इंच जाडीची चकती. आधी ती गाडीच्या मूळ बोल्टांवर कसायची आणि तिच्यावर चाक बसवायचं, म्हणजे चाक तेवढं बाहेर येतं. कैलासला हा प्रकार फारसा पसंत नव्हता. गाडी ओढ्यात न्यायची आहे का वरातीत, असं त्यानं विचारलं, तर अंकित म्हणाला, दोन्हीकडं.

काम मात्र कैलासनं मन लावून केलं. आतला गंज तारेच्या ब्रशनं घासून काढला, नट समोरासमोरचे आवळत गेला. पुरेसं आवळलं की टक् असा आवाज देणारा एक लांब पाना त्याच्याकडं होता. शेवटचा नट टक् वाजला तेव्हा तो उठला आणि म्हणाला, “हे नट चाकाच्या मागं दडले राह्यतात. नवी वस्तू थोडी बसते, मंग ढिली होते. पन्नास-साठ किलोमीटर हळू चालव अन् परत ये. चाकं काढून पुन्हा कसून देतो. अन् तोवर डोंगरात नको जाऊ.”

बुधवारी नवमी होती. त्या घरात नवमीच्या सकाळी हत्यारं पूजेत मांडत आणि दसऱ्याचं सोनं वाटून झाल्याशिवाय उचलत नसत. कैलासनं पाने, हातोडे, जॅक सारं धुऊन पाटावर मांडलं, हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. लांब पाना मधोमध होता. मग तो बायकोला, वर्षालीला, माहेराहून आणायला सिंदीला निघून गेला.

दुपारी जीप दाराशी थांबली.

“आजी, भाऊ कुठं गेले? फोन बंद सांगून राह्यला,” अंकित म्हणाला.

भाऊ संध्याकाळी येईल आणि आज काम नाही, असं बाईंनी सांगितलं. अंकितनं सांगितलं की साठ किलोमीटर झाले, आणि समोरच्या उजव्या चाकातून बारीक कटकट ऐकू येते आहे. वाटेतली बाकीची गॅरेजं बंद होती. घरच्या पान्याला ते नट दाद देत नव्हते. त्यानं पाटाकडं पाहिलं.

“तो लांबवाला द्या फक्त. मीच कसतो. अर्ध्या घंट्याचं काम आहे.”

“पूजेतला पाना उचलता येत नाई बापा. परवा येजो.”

“उद्या आमी पोरं डोंगराकडं जाऊन राह्यलो ना, आजी.”

“मंग हळू जाजो.”

त्यानं हट्ट केला नाही. चांगल्या घरचं पोर होतं. नळावर हात धुऊन त्यानं प्रसादाचं गूळ-खोबरं खाल्लं, बाईंच्या पाया पडला आणि गेला. जीप वळताना ती कटकट बाईंनाही ऐकू आली.

पाना न देण्यामागं बाईंचं एक कारण होतं, आणि ते पंचवीस वर्षं त्यांच्या काळजात रुतून बसलं होतं. त्यांचे मालक बबनराव यांनी बैलगाड्यांचे दिवस संपल्यावर हे गॅरेज टाकलं. एका नवमीला दाराशी एक बंद पडलेली जीप ढकलत आणली गेली. आत बाळंतपणाच्या कळा सोसणारी बाई होती. बबनरावांनी माळ बाजूला करून पाना उचलला. देव काही आंधळा नाही, म्हणाले. गाडी दुरुस्त झाली, बाई दवाखान्यात पोचली. आणि त्याच वर्षी माघात जॅक सरकून एक गाडी बबनरावांच्या छातीवर आली. अपघात तो अपघात, असं सारे म्हणाले. मनकर्णाबाईंनी मात्र नवमीपासून माघापर्यंतचे महिने बोटांवर मोजले आणि मनाशी ठरवून टाकलं. आता त्याच फरशीवर, तसल्याच गाड्यांखाली कैलास दिवसभर निजलेला असे.

संध्याकाळी कैलास आला. त्याला वाढताना अंकितचं नाव बाईंच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण ऐकताक्षणी तो पाना घेऊन आंजीला धावला असता, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ताटात आणखी एक पुरी वाढली. परवा तर येईलच, असं मनाला समजावलं.

दसऱ्याला दुपारी, सोनं लुटायला माणसं निघत होती तेव्हा फोन आला. आंजीपलीकडच्या उतारावर जीपचं समोरचं उजवं चाक चकतीसकट निखळलं होतं. गाडी पुलाखाली कोलांटली. मागच्या दोघा पोरांचे हातपाय मोडले. अंकित गाडीखाली सापडला. त्याला दवाखान्यात नेलं ते केवळ नेण्यापुरतं.

पोलिसांनी कैलासचा जबाब घेतला. त्यानं खरं समजून सांगितलं, पन्नास किलोमीटरवर परत ये म्हटलं होतं, आला नाही. मागच्या दोघांनाही तेवढंच माहीत होतं. गावानंही ते मान्य केलं. हल्लीची पोरं कुठं कुणाचं ऐकतात, असं पानठेल्यावर बोललं गेलं. कैलासवर कुणी बोट ठेवलं नाही. तरी त्याचं जेवण तुटलं. घास हातात धरून तो म्हणायचा, “एक डाव आला असता तं.” रोज म्हणायचा, आणि बाई रोज त्याच्यासमोर पोळी वाढायच्या.

तेरवी झाल्यावर तिसऱ्या दिवशी पुंडलिकराव आणि प्रमिलाबाई गॅरेजात आले. वर्षालीनं खुर्च्या दिल्या, पाणी ठेवलं. भांडायला आलो नाही, असं पुंडलिकरावांनी आधीच सांगितलं. हिच्या मनात एक गोष्ट अडकली आहे, तेवढी विचारून जाऊ.

प्रमिलाबाई कैलासकडं पाहत म्हणाल्या, “नवमीले अर्ध्या जेवणावरून उठला. गाडी कसून आणतो म्हणे. अन् तुमी म्हणता आलाच नाई. मंग गेलता कुठं?”

“जाऊ दे ना. असंल गेला दोस्तांकडं,” पुंडलिकराव म्हणाले.

“मायासंग शेवटचं बोलला ते खोटं बोलला का, एवढंच सांगा मले.”

कैलास मान खाली घालून म्हणाला की काय सांगू काकू, माझ्याकडं तर तो आला नाही.

मनकर्णाबाई भिंतीशी बसल्या होत्या. बसल्या जागीच त्या बोलल्या.

“खोटं नाई बोलला तो. आलता.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. कटकट, पाना, माळ, परवा येजो. आवाज चढला नाही आणि थांबलाही नाही. पुंडलिकराव मध्येच उठले आणि बाहेर रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले. प्रमिलाबाई तेवढ्या ऐकत राहिल्या. सारं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, “काही खाल्लं का त्यानं इथं?”

“गूळ-खोबरं. हात धुऊन खाल्लं. पाया पडला माया.”

प्रमिलाबाईंनी मान हलवली. पदर डोक्यावर सारखा केला आणि नवऱ्यामागून निघून गेल्या. पाण्याचे पेले तसेच भरलेले राहिले.

कैलास पाटाकडं गेला. त्या दिवसापासून पूजा कुणी उचललीच नव्हती. झेंडू वाळून काळा पडला होता. त्यानं लांब पाना हातात घेतला. दांड्यावरचं कुंकू त्याच्या तळव्याला लागलं.

“मी संध्याकाळी आलतो ना, आई. तवा काऊन नाई सांगितलं?”

“तू पाना उचलला असता.”

“हाव,” तो म्हणाला. “उचलला असता.”

“तुया बापानं उचलला होता.”

“अन् त्या बाईचं लेकरू आज पंचवीस वर्षाचं आहे, आई. आपल्याच गॅरेजात येते गाडी घेऊन.”

बाईंना हे माहीत होतं. तो मुलगा दर दिवाळीला चिवडा आणून देई. त्याच्याकडं त्यांनी कधी धड पाहिलं नव्हतं.

कैलासनं पाना पाटावर ठेवला, हात पुसला आणि वर्षालीला सांगितलं की ठाण्यात जाऊन जबाब बदलून येतो. पोरगा आला नाही असं लिहिलं आहे, ते खोडायला हवं. आईकडं त्यानं पाहिलं नाही, चल म्हणून म्हणाला नाही.

मनकर्णाबाईंनी भिंतीला हात टेकून स्वतःला उठवलं. उंबऱ्याबाहेरच्या चपला पायांनी चाचपून घातल्या आणि त्याच्या मागं चालू लागल्या. तो पुढं चालत राहिला. कोपऱ्यावरच्या वडापाशी मात्र त्यानं मागं न पाहता चाल थोडी कमी केली.