बरकतीचा पट्टा

त्या हिवाळ्यात लोटनरावांना काय काय कमवायचे होते, ते आधी सांगतो. दौऱ्यावर येणाऱ्या प्रांतसाहेबांच्या बरोबरीने गावातून चालायचे होते. ते पाहून चुलतभाऊ नवल जळायला हवा होता. आणि रनाळ्याची रिकामी पडलेली पाटीलकी नवलकडे न जाता आपल्या दारी यायला हवी होती. साहेब माणसांशी कमी आणि कुत्र्यांशी जास्त बोलतात, हे त्यांनी हेरून ठेवले होते. तेव्हा या सगळ्यासाठी लागणार होता एक कुत्रा, तोही दुसऱ्याचा. सौदा काही वाईट नव्हता.

मित्रांनो, त्या कुत्र्याच्या गळ्याला अडकवलेला मी जुना पट्टा. जन्माने मी लगाम. लोटनरावांनी घोडी सारंगखेड्याच्या यात्रेत विकली, पण मला घरी आणले. आमच्याकडे जनावर विकले तरी त्याचे दावे देत नाहीत. दाव्याबरोबर घरची बरकत जाते म्हणतात. मोच्याने मला कापले, कडी बसवली, तेल पाजले. एक टोक कुत्र्याच्या गळ्यात, दुसरे माणसाच्या मुठीत. चामडे जुने, शिवण नवी.

कुत्रा होता फुलवंताबाईचा. ती लोटनरावांची विधवा आत्या. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. ती मळ्यात एकटी राही. पाच बकऱ्या आणि काबऱ्या कुत्रा, एवढाच तिचा संसार. नदीकाठच्या बाभळींतून लांडगे यायचे, पण काबऱ्या सुटला की बकऱ्यांपर्यंत पोहोचायची एकाचीही छाती नव्हती.

"फुई, काबऱ्याले महिनाभर दे. साहेब ई ऱ्हायना."

"आन मन्ह्या बकऱ्या कोन राखी? तू?"

"गडी धाडी देसू ना!"

"गडी झोपस रे भाऊ. कुत्रा नही झोपस."

पण भाचा दारात आला होता, आणि उद्या तो पाटील होणार होता. फुईने काबऱ्या दिला.

शिकवायला आला हिलाल. लढाईच्या काळात छावणीत साहेबांची कुत्री फिरवलेला माणूस. तो दोन्ही वेळ जेवायचा लोटनरावांकडे आणि बोलायचा छावणीचे.

पहिल्याच दिवशी समोरून मांजर गेले. काबऱ्याने असा हिसका दिला की माझी शिवण उसवली, कुत्रा पसार आणि लोटनराव उकिरड्यात. नवल ओट्यावर दात कोरत बसला होता.

"दादा, कोन कोनले फिराडी ऱ्हायना?"

मोच्याने मला पुन्हा शिवले. लोटनरावांनी दुसऱ्या दिवशी काबऱ्याला फरफटत नेले, तेव्हा हिलाल म्हणाला, "पाटील, तुम्ही वढतस, म्हनीसन तो बी वढस. पट्टा ताठ झाया का झाडनामायक उभं ऱ्हावानं. ढिला झाया का चालानं."

पाटील म्हटल्यावर लोटनराव ऐकायचेच. ते उभे राहू लागले. काबऱ्या ओढायचा, थांबायचा, मागे वळून त्यांच्या पायांकडे पाहायचा. पाय हलले की तोही निघायचा आणि त्याला भाकरीचा तुकडा मिळायचा. हळूहळू तो शहाणा झाला. कोंबड्या गेल्या, गावची कुत्री भुंकली, तरी मी दोघांच्या मध्ये ढिला झुलत राहिलो. खरे सांगतो, घोडीच्या तोंडात असताना मला असे सुख कधी मिळाले नव्हते. चुकून मी जरा ताठलो, तर काबऱ्या जागीच थांबे आणि पायांकडे पाही.

साहेब आले. संध्याकाळी लोटनराव काबऱ्याला घेऊन त्यांच्या शेजारून चालले. साहेबांनी काबऱ्याच्या डोक्यावर हात ठेवला, त्याचे नाव विचारले. लोटनरावांचे नाव मागाहून विचारले. पंधरवड्यात पाटीलकीचा हुकूम आला. नवल महिनाभर ओट्यावर दिसला नाही.

काबऱ्या मळ्यात परत गेला, माझ्यासकट. मळ्यातला गडी मात्र पाटलांनी त्याच दिवशी काढून घेतला.

"फुई, याले सोडू नको. साहेब परत ई. गावना कुत्रासमा मिसळना तर बिघडी जाई."

आता तो पाटलाचा हुकूम होता. फुईने मला बाभळीच्या खुंट्याला बांधले.

एका संध्याकाळी ती विहिरीवर गेली आणि दोन लांडगे बकऱ्यांत शिरले. काबऱ्या झेपावला. मी ताठलो. आणि मित्रांनो, तो थांबला. शिकवल्याप्रमाणे थांबला. मागे वळून त्याने खुंट्याकडे पाहिले.

खुंट्याला पाय कुठले?

"छू काबऱ्या! छू!" फुई बादली टाकून धावत ओरडली. तो पुन्हा झेपावला, मी पुन्हा ताठलो, तो पुन्हा थांबला. माझी शिवण तीच होती, एकदा उसवून पुन्हा घातलेली. पहिल्या दिवसासारखा एक हिसका, आणि मी सुटलो असतो. तो हिसकाच त्याच्याकडून काढून घेतला होता. एका लांडग्याने पाचही बकऱ्या लोळवल्या. दुसऱ्याने काबऱ्याचा गळा धरला, तेव्हाही त्याचे तोंड खुंट्याकडे होते.

सकाळी पाटील आले. हळहळले. मग म्हणाले, "फुई, पट्टा दे. घरनी बरकत शे ती. दुसरा कुत्रा शिकाडना पडी."

फुईने मला खुंट्यावरून सोडले आणि मुठीत घट्ट धरले.

"जनावर मन्हं व्हतं, दावं बी मन्हं. तू तुन्ही पाटीलकी आन आठे, बांध खुंटाले. दखूत, किती बकऱ्या राखस ती."

पाटील गेले. दुसऱ्या कुत्र्याला दुसरा पट्टा मिळाला असेल.

मित्रांनो, कुत्र्याला जरूर शिकवा. पण ज्याला थांबायला शिकवाल, त्याला केव्हा थांबायचे नाही तेही शिकवा. तेवढे जमत नसेल, तर निदान दिवस मावळताना मला त्याच्या गळ्यातून काढा.

हिशेब सांगतो आणि थांबतो. साहेबांची संध्याकाळ बरी गेली. हिलाल महिनाभर पोटभर जेवला. लोटनरावांना पाटीलकी मिळाली. हे सारे काबऱ्याने आपल्या गळ्यावर फेडले. उरले ते फुईने पाच बकऱ्यांवर. बकऱ्यांच्या रिकाम्या गोठ्याच्या कुडाला मी अजून टांगलेला आहे. तिच्या घरची बरकत म्हणून.