खोबरेल पिऊन डोंगर चढलो

मी एक ट्रक आहे. खरं तर अर्धाच ट्रक. इंजिन काढून नेलंय, चाकं कुणी नेली ते माहीत नाही, आणि जो सांगाडा उरलाय तो बुगनविल बेटावरच्या सिवारा गावात, नीरफणसाच्या झाडाखाली उभा आहे. मला कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. मोकळा वेळ भरपूर आहे.

माझा जन्म जपानातल्या एका कारखान्यात झाला. त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. तिथे सगळे सारखेच जन्मतात आणि जन्मल्या जन्मल्या रांगेत उभे राहतात. बोटीतून मी या बेटावर आलो आणि तांब्याच्या खाणीवर कामाला लागलो. सकाळी साहेब लोकांना वर न्यायचं, संध्याकाळी खाली आणायचं. डिझेल मिळायचं पोटभर. साहेब माझं दार जोरात आपटायचे, पण माणसं स्वतःच्या घराची दारंही आपटतात, त्यामुळे मी ते मनावर घेतलं नाही.

मग खाणीवरून युद्ध पेटलं. साहेब गेले. बेटाभोवतीचा समुद्र बंद झाला आणि बाहेरून येणारं सगळं थांबलं. औषधं, साबण, काड्यापेट्या, डिझेल, काहीच येईना. मी एका शेडमध्ये टायर बसलेल्या अवस्थेत पडून राहिलो. तिथून मला शोधून काढलं सिक्स्टसने. हा सिवाराचा. मिशनच्या शाळेत वेल्डिंग शिकलेला, उंच, हाडकुळा, तोंडात कायम सुपारी. त्याने टाकीवर टिचकी मारली. आत खडखडाट. बराच वेळ तो माझ्या बॉनेटला टेकून किनाऱ्यावरच्या माडांकडे बघत राहिला.

बेटावर डिझेल नव्हतं, पण नारळ हवे तेवढे होते.

बायकांनी खोबरं किसलं, पिळलं, दूध उकळलं, वर आलेलं तेल काढलं. सिक्स्टसने ते जुन्या झग्याच्या कापडातून गाळलं, कोमट केलं आणि माझ्या टाकीत ओतलं. सगळा गाव बघायला जमला होता. मी खोकलो, थुंकलो, पुन्हा खोकलो आणि चालू झालो. मागून असा काही वास सुटला की गावातली कुत्री धावत आली.

"सिक्स्टस," एक म्हातारा ओरडला, "हा ट्रक चालतोय की केळी तळतोय?"

लोक पोट धरून हसले. त्या वर्षात ती माणसं इतकी हसलेली मी तरी पाहिली नव्हती.

त्यानंतर मी आजारी माणसं नेली, बाळंतिणी नेल्या, रताळ्यांची पोती नेली. पण एक गोष्ट मला दिसत होती. ज्या दिवशी माझी टाकी भरायची, त्या रात्री गावातली पोरं नारळाच्या दुधाशिवाय रताळी खायची. हे उघडपणे बोलून दाखवलं फक्त पर्पेच्युआने. ही सिक्स्टसची मावशी. आमच्याकडे जमीन आईकडून लेकीकडे जाते, त्यामुळे गावात शेवटचा शब्द तिचा असतो. गुडघे गेलेले, जीभ शाबूत.

"पोरं कोरडी रताळी गिळतात आणि तू या पत्र्याला तेल पाजतोस? लाज नाही वाटत?"

"मावशी, याच पत्र्याने परवा मोनिकाला दवाखान्यात पोचवलं."

"पोचवलं ना, नाही म्हणते का मी? म्हणून काय त्याला रोज पानावर बसवायचं?"

मला तिचं म्हणणं पटत होतं. पण भूक मलाही लागायचीच.

या पर्पेच्युआला लायनस नावाचा मुलगा होता. वर डोंगरात कोरोपे गाव आहे, तिथल्या लोकांशी सिवाराचं युद्धाच्या दिवसांत वैर जडलं. दोन्ही गावं एकाच बाजूची की दोन बाजूंची, हे शेवटी शेवटी त्यांनाही नीट सांगता यायचं नाही. खालच्यांनी अगाथाचा भाऊ मारला. ही अगाथा म्हणजे कोरोपेची पर्पेच्युआच समजा. मग वरच्यांनी लायनसला मारलं आणि तिथेच कुठेतरी पुरलं. पर्पेच्युआला मुलाची हाडंसुद्धा मिळाली नाहीत. ती रडायची नाही. संध्याकाळी दारात बसून डोंगराकडे बघत सुपारी चघळायची. मला तिची दया यायची, हे मी कबूल करतो.

अखेर दोन्हीकडच्या बायकांनी पायी निरोप नेले, आणले. अगाथाचा निरोप असा होता : म्हातारी स्वतः आली तर हाडं देऊ. समेटाचं जेवण करू. रविवारनंतरच्या दिवशी, सूर्य डोक्यावर यायच्या आत या. ती चालू शकत नाही हे आम्हाला ठाऊक आहे, तेव्हा ट्रक आणा. पण आवाज करत या. मध्ये कुठेही थांबू नका.

या शेवटच्या वाक्याला कारण होतं. युद्धात हल्ला करणारे नेमकं हेच करत. गाडी शेवटच्या वळणाखाली बंद करायची आणि बंदुका घेऊन पायवाटेने गुपचूप वर जायचं. कोरोपेच्या लोकांना गाडीच्या आवाजाची भीती नव्हती. आवाज थांबला की मात्र ते बंदुका काढत.

पर्पेच्युआने स्वतःच्या माडांचे नारळ उतरवायला लावले. बायका तीन दिवस किसत होत्या. पोरं काय खाणार, हे या वेळी तिने विचारलं नाही आणि सिक्स्टसनेही तिला त्याची आठवण करून दिली नाही.

पहाटे निघालो. पुढे सिक्स्टस आणि पर्पेच्युआ. मागे गावातली सात-आठ माणसं, प्रार्थना सांगणारे क्लेमंट मास्तर, तेलाचं पिंप आणि समेटासाठी बांधून घेतलेलं एक भलंमोठं डुक्कर. डुक्कर सगळा रस्ता कुरकुरत होतं.

चढण सुरू झाली तशी हवा गार होत गेली. धुकं उतरलं. एक ओढा लागला, त्याच्या बर्फासारख्या पाण्यातून मी पोटापर्यंत भिजून बाहेर आलो. समोर दरड कोसळलेली. वाटेत एक मोठा धोंडा. माणसं उतरून धोंड्याला भिडली, आणि सिक्स्टसने सवयीने हात लांब करून मला बंद केलं.

यात त्याला बोल लावता येणार नाही. नाकेबंदीतली सवय ती. उतारावर बंद, थांबा आला की बंद, थेंब वाचला तर पोरांच्या रताळ्यावर पडेल. पण खोबरेल तेलाचं तुम्हाला माहीत आहे. थंडीत बाटलीत कसं पांढरं गोठून बसतं? माझ्या भिजलेल्या पोटाखालच्या नळीत तेच झालं. धोंडा हलला, माणसं चढून बसली, सिक्स्टसने किल्ली फिरवली. मी नुसता कण्हलो.

पुन्हा. पुन्हा. काही नाही.

"अरे देवा," सिक्स्टस म्हणाला. तोंडातली सुपारी त्याने थुंकून टाकली. "मावशी, मी बंद केला. मीच बंद केला."

मागे सगळ्यांचे चेहरे उतरले. आम्ही शेवटच्या वळणाच्या बरोबर खाली उभे होतो. वर काय चाललं असेल ते सांगायची गरज नव्हती.

"मावशीला उचलून नेऊ," कुणीतरी म्हणालं.

"धुक्यातून माणसं चालत येताना दिसली की ते आधी गोळी घालतील, मग म्हातारी बघतील," मास्तर म्हणाले.

पर्पेच्युआ खाली उतरली, माझ्या चाकाचा आधार घेत. "आवाज करायला सांगितलाय ना? मग करा की! तोंडं शिवली का सगळ्यांची? गा! मास्तर, काय येतं ते गा! आणि त्या डुकराला चिमटे काढा, ते तुमच्यापेक्षा मोठ्याने ओरडेल!"

मी पुष्कळ गोष्टी पाहिल्यात, पण असा प्रकार पुन्हा पाहिला नाही. धुक्यात सात-आठ माणसं घसा फाडून देवाचं गाणं म्हणतायत, एक जण माझ्या पत्र्यावर काठी बडवतोय आणि डुक्कर जीव जात असल्यासारखं केकाटतंय. सिक्स्टसने तेलाची गाळणी काढून पाहिली, आत पांढरा गोळा. पर्पेच्युआने ती त्याच्या हातातून घेतली आणि आजारी पिल्लू धरावं तशी झग्याच्या आत छातीशी धरली. आणि तशीच ओढ्याकाठच्या दगडावर बसून गाऊ लागली. गाताना तिचे दात वाजत होते.

कोरोपेची माणसं खाली आली ती बंदुका रोखूनच. घरी पाण्याच्या नळ्या कापून बनवलेल्या बंदुका. त्यांना समोर दिसलं ते हे.

गाणं थांबलं. डुक्कर थांबलं नाही.

एक तरुण पुढे आला. "ट्रक बंद का केला?"

"तेल गोठलं," सिक्स्टस म्हणाला. त्याचे हात वर होते आणि दोन्ही हात पांढऱ्या तेलाने माखले होते. "बघा. शपथ घेतो. तेल गोठलं."

"खोटं बोलतोस. तेल कधी गोठतं का?"

"अरे बैला," मागून एक बाईचा आवाज आला, "नारळाचं तेल आहे ते. तुझी आजी थंडीत केसांना काय निखाऱ्यावर ठेवून लावते?"

अगाथा धुक्यातून पुढे आली. ठेंगणी, पांढरे केस, हातात काठी. पोरांना बाजूला सारत ती थेट पर्पेच्युआसमोर उभी राहिली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. एकीचा भाऊ गेलेला, एकीचा मुलगा. मला वाटलं, आता शिव्या येतील किंवा रडणं येईल.

"छातीशी धरून काय वितळतंय ते?" अगाथा म्हणाली. "तू स्वतःच गारठलीयेस."

"मग काय करू?" पर्पेच्युआ म्हणाली. "माझ्याजवळ दुसरं ऊबदार काय आहे?"

अगाथाने मागे वळून पोरांना सांगितलं, "वर जा. खड्ड्यातले दगड काढून आणा."

"आजी, डुक्कर घातलंय त्यात! अळकुड्या घातल्यात! अर्धवट शिजलंय सगळं!"

"राहू दे अर्धवट. आणा म्हणते ना."

समेटाच्या जेवणासाठी वर खड्डा पेटला होता. तापलेल्या दगडांवर मांस रचून, पानांनी झाकून शिजवतात, तो खड्डा एकदा उघडला की वाफ गेली, जेवण बिघडलं. पण पोरांनी तो उघडला. हिरव्या बांबूच्या चिमट्यात धरून, केळीच्या पानांच्या थरात गुंडाळून त्यांनी दगड खाली पळवत आणले. आता बंदुका ठेवायला जागा नव्हती म्हणून त्या माझ्या मागच्या फळ्यांवर टाकल्या, डुकराशेजारी. सिवाराची आणि कोरोपेची पोरं माझ्या पोटाखाली शेजारी शेजारी आडवी पडली आणि नळीला दगड लावू लागली. "अरे जरा लांब धर, भाजशील मला!" "तूच सरक की!" पानं करपल्याचा वास आला. मग तेलाचा. सिक्स्टसने गाळणीही दगडावर वितळवून परत बसवली. नळीतून काहीतरी हललं.

मी चालू झालो तेव्हा सगळे एकदम ओरडले. सिक्स्टस स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला.

वर गेलो. जेवण अर्धं कच्चं होतं, सगळ्यांनी मुकाट्याने खाल्लं. दोघी म्हाताऱ्यांनी एकच सुपारी फोडून अर्धी अर्धी खाल्ली. मग चटईत गुंडाळलेला लायनस आणून पर्पेच्युआच्या मांडीवर ठेवला. फार लहान गाठोडं होतं. तिने ते दोन्ही हातांनी धरलं आणि तेव्हा ती पहिल्यांदा रडली, मोठ्याने, घरच्या माणसांत रडावं तशी.

"मी खाली येते हिच्याबरोबर," अगाथा म्हणाली. "आईने एकटीने नेऊ नये."

कोरोपेच्या लोकांना ते मुळीच आवडलं नाही. तिचा नातू, तोच बंदूकवाला तरुण, सिक्स्टसच्या खिडकीशी आला. "आजी तुझ्या गाडीत आहे. आम्ही कड्यावर बसून ऐकणार. ती परत येईपर्यंत आवाज चालू पाहिजे. थांबला तर आम्ही आलोच."

सिक्स्टसने मान हलवली. त्या उतारावर त्याने मला क्षणभरही बंद केलं नाही. किनाऱ्यावर पोचलो, दफनाची जागा आली, खड्डा खणला गेला, तरी मी धडधडत होतो. त्या काळी बेटावर दुसरी गाडी चालत नव्हती, वारा समुद्राकडून होता. वर ऐकू जात असणार. तेल संपत आलं होतं आणि सिक्स्टस सारखा काट्याकडे बघत होता.

क्लेमंट मास्तर प्रार्थना म्हणू लागले. माझ्या आवाजात एक शब्द कळेना.

"सिक्स्टस," पर्पेच्युआ म्हणाली, "काही ऐकू येत नाही रे. माझ्या लेकासाठी म्हणतायत."

"मावशी, वर ते..." सिक्स्टसने अगाथाकडे पाहिलं.

अगाथा खड्ड्याच्या काठाशी उभी होती, खालच्या लोकांच्या मधोमध, एकटी. तिने एकदा डोंगराकडे पाहिलं.

"बंद कर," ती म्हणाली.

त्याने किल्ली फिरवली. मी थांबलो. लाटांचा आवाज आला, मग मास्तरांचा. पर्पेच्युआने सगळी प्रार्थना ऐकली. लायनसला खाली ठेवलं, माती लोटली, त्यावर शिंपले मांडले. सगळ्यांचे कान डोंगराच्या वाटेकडे लागले होते. संध्याकाळ झाली, चुली पेटल्या, अगाथा पर्पेच्युआच्या दारात पाय पसरून बसली. डोंगरावरून कुणीही खाली आलं नाही.

पुढे नाकेबंदी उठली. डिझेल आलं, नव्या गाड्या आल्या, त्या माझ्याकडे न बघता धूळ उडवत जातात. माझ्या इंजिनावर आता गावाचा तेलघाणा चालतो आणि ते तेल पोरं रताळ्यांवर घालून खातात. मला काही नको. येता-जाता कधी माझ्या पत्र्याला हात लावलात तर फक्त एवढं लक्षात ठेवा, की एके काळी या बेटावर माझा आवाज थांबला की माणसं बंदुका उचलायची. मी गप्प झालो त्याला आता पुष्कळ वर्षं झाली, आणि त्या वाटेने अगाथाची नातवंडं सुट्टीत पोहायला येतात.