बांधावरचा रस्ता

सावित्रीबाईंचा स्वभावच तसा. दळणाचा डबा आला की आधी काट्यावर, पीठ भरलं की पुन्हा काट्यावर, मग गिऱ्हाईक सख्खी बहीण का असेना! "उद्या कोन बोलाया नको, सावित्रीनं मूठभर काढलं म्हनून," असं वर ऐकवायच्याही. नवरा गेल्यावर या गिरणीच्या जिवावर त्यांनी मितेशला वाढवलं, त्याचं लग्न लावून दिलं. तेव्हा शंका घेणं हा त्यांचा दोष म्हणा नाहीतर भांडवल म्हणा.

पण दिराचा विषय निघाला की साध्या शंकेवर भागायचं नाही. गिरणीसमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे दीर, रघू. हा रस्ता मुळात रस्ता नव्हेच. सासऱ्यांनी राई गावातली भातशेती दोन मुलांत वाटली तेव्हा मध्ये घातलेला तो बांध. अलीकडे थोरला लवू, म्हणजे सावित्रीबाईंचा नवरा, पलीकडे धाकटा रघू. दर पावसाळ्याआधी दोघे भाऊ कुदळी घेऊन बांध 'नीट करायला' उतरायचे. नीट कसला करायचे, कोरायचे! हा इकडून वीतभर, तो तिकडून. शेवटी शेळीसुद्धा त्यावरून विचार करून जायची.

पुढे मिठागराच्या गाड्यांना वाट हवी म्हणून ग्रामपंचायतीनं दोघांकडून जागा मागून घेतली आणि बांधावर मुरूम पडला. नगरपालिका झाली तशी खडी आली, डांबर आलं. महापालिका होईतो शेतात बिल्डिंगी उभ्या राहिल्या होत्या. शेती गेली, पण सुंभ जळला तरी पीळ कुठे जातो? रघूनं अंगणाची भिंत रस्त्यात सरकवली. त्यावर सावित्रीबाईंनी गिरणीपुढे कट्टा बांधला. आता समोरासमोर दोन रिक्षा आल्या की एकीला पार कोपऱ्यापर्यंत रिव्हर्स जावं लागायचं आणि दोन्ही रिक्षावाले एकमेकांच्या आईबहिणींची विचारपूस करायचे. गटाराला जागाच उरली नव्हती, त्यामुळे डांबर दर वर्षी पडायचं आणि दर वर्षी वाहून जायचं.

कट्ट्यावरून भांडण झालं ते असं, की दीर-भावजयीचं बोलणंच तुटलं. रघूची बायको अनसूया दळणाचा डबा डोक्यावर घेऊन गिरणीसमोरूनच थेट स्टेशनजवळच्या दुसऱ्या गिरणीत जायची.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात बातमी आली, रस्ता रुंद होणार. सावित्रीबाईंनी मनात हिशेब मांडला. कट्टा जातो तर जाऊ दे. पण कट्ट्याला लागून गिरणीची भिंत, आणि भिंतीच्या आत लगेच चक्कीचा पाया. भिंत गेली की गिरणी गेली. चक्की मागे सरकवायला मागच्या घरात जागा नव्हती, नवीन गाळा घ्यायला पैसे नव्हते.

आणि त्याच आठवड्यात, भर दुपारी, रघूनं आपली भिंत पाडायला घेतली. पाडली ती पाडली, चांगली चार फूट आत नवीन बांधली! त्यात त्याची दोन पेरूची झाडं गेली.

सावित्रीबाई गिरणीच्या दारात थिजून उभ्या. आगरी माणूस आपणहून बांध मागे घेतो? सूर्य पश्चिमेला उगवला की काय?

"मितेश, यात पानी मुरतंय," त्या मुलाला म्हणाल्या. "तुझा काका दोनदा महापालिकेत जाऊन आला. मी बगितलंय."

"मग काकालाच विचारतो ना, आई."

"खबरदार! त्याच्या उंबऱ्यावर पाय ठेवलास तर."

दुसऱ्या दिवशी दळण घेऊन दशरथ सामंत आले. परळहून मागच्या बिल्डिंगीत राहायला आलेले, रिटायर्ड, पेपर कोळून प्यायलेले. सावित्रीबाईंनी आडून आडून विषय काढला. सामंत म्हणाले, "अहो, सोपं आहे. आधी जागा सोडेल त्याला एफएसआय, म्हणजे वाढीव बांधकामाची परवानगी, जास्त मिळत असणार. लोक उगाच नाही सोडत काही."

झालं! सावित्रीबाईंना रात्री झोप नाही. भाऊ गेला, आता भावाच्या बायकोच्या डोळ्यांत धूळ फेकून हा एकटाच मलिदा खाणार. ताकास तूर लागू देत नाही, लबाड!

सकाळी त्यांनी दोन गडी लावले आणि कट्टा फोडला. पार गिरणीच्या भिंतीपर्यंत साफ केला. पलीकडे अंगणात रघू उभा राहून बघत होता. त्यानं एकदा हात वर केला, तोंड उघडलं. सावित्रीबाईंनी मुद्दाम पाठ फिरवली. आता कसा घाबरला, असं त्यांना वाटलं आणि फार दिवसांनी बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी मोजणीवाले आले, टेप आणि लाल रंगाचा डबा घेऊन. एकानं टेपचं टोक रघूच्या नव्या भिंतीला लावलं, दुसऱ्यानं गिरणीच्या भिंतीला. मधोमध रस्त्यात खिळा ठोकला. मग त्या खिळ्यापासून दोन्हीकडे नव्या रस्त्याची निम्मी-निम्मी रुंदी मोजली. रघूकडची खूण अंगणात पडली. इकडची खूण करायला माणूस गिरणीत शिरला आणि त्यानं चक्कीच्या पायावर लाल रेघ ओढली. भिंतीपासून जेमतेम वीतभर आत.

"मावशी, पुढे कट्टा होता ना?" माणूस म्हणाला. "तो असता तर टेप कट्ट्याला लावला असता. खिळा तिकडे सरकला असता, गिरणी वाचली असती."

सावित्रीबाईंना आधी कळलंच नाही. मग खिळ्याकडे बघितलं, रघूच्या भिंतीकडे बघितलं, आणि एकदम उलगडलं. भिंत मागे घेऊन रघूनं रस्त्याचा मध्य स्वतःकडे ओढून घेतला होता. गिरणी वाचावी म्हणून. आणि त्यांनी तो आपल्या हातांनी परत ओढून आणला होता.

रघू रस्ता ओलांडून आला. "साहेब, भिंत आजच आनखी मागं घेतो. परत मोजा."

"आता नाही होत, काका. खिळा ठोकला, रंग लागला."

"भावजी," सावित्रीबाई म्हणाल्या. किती वर्षांनी तो शब्द तोंडातून निघाला! "मला सांगितलं का न्हाय?"

"सांगितलं असतं, तर तू ऐकलं असतंस, वयनी?"

खोटं बोलावं असं फार वाटलं त्यांना. "न्हाय," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी अनसूया डबा घेऊन दारात उभी राहिली. "चालू हाय का गिरन?"

"हाय. अजून हाय."

सावित्रीबाईंनी डबा घेतला आणि सवयीनं काट्याकडे वळल्या. मग तिथेच थांबल्या. काट्याला न लावता त्यांनी तांदूळ तसेच चक्कीत ओतले आणि बटण दाबलं. गिरणीच्या आवाजात त्या मोकळेपणानं रडल्या, आणि अनसूया पीठ पडेपर्यंत शेजारी उभी राहिली.