दुबार नोंद

"काका, तुम्ही तर गेलेले आहात," रजिस्टरातून मान वर न करता रेकॉर्डवाल्या बाई म्हणाल्या.

"कुठे?" मामांनी विचारलं.

"वारलात. हे बघा ना. नाव तुमचंच, वडिलांचं तेच, घर नंबर तोच. वय आठ महिने. कारण, ताप."

मामा हसले. चौतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचत दारोदार हिंडलेला माणूस. सरकारी वह्यांमधल्या गमती त्यांना नव्या नव्हत्या. "तरीच म्हटलं, हल्ली मला घरात कुणी विचारत कसं नाही!"

भाची हसली नाही. ती भिंतीकडच्या बाकावर टोकाला बसली होती. तळहातावर फोन असा धरलेला, जणू कलंडला तर सांडेल. तिचं चार महिन्यांचं बाळ दवाखान्यात होतं. नवरा उशाशी बसून दर अर्ध्या तासानं तापाचा आकडा कळवत होता. दोन वर्षांपूर्वी तिचा पहिला मुलगा असाच गेला होता. ताप आला, उतरला, परत आला, छाती भरली, संपलं. नऊ महिन्यांचा होता. आता दुसऱ्याचंही अगदी तसंच सुरू झालं, तेव्हा नव्या डॉक्टरीणबाईंनी एक प्रश्न विचारला, जो याआधी कुणी विचारलाच नव्हता. तुमच्या आईच्या माहेरी मुलगे तान्हेपणी दगावलेत का? दगावले असतील तर हा रक्तातला आजार. आयांकडून मुलग्यांकडे येणारा. मग औषधाची दिशाच वेगळी. नसतील तर एकेक तपासणी करत जायचं, आणि तेवढी सवड बाळाकडे आहे असं त्यांना वाटत नव्हतं.

आई जाऊन सहा वर्षं झाली होती. उरले मामा. काल तिनं फोन केला, तर मामा ठणकावून म्हणाले, "छे! आम्ही दोघंच. मी आणि तुझी आई. आमच्याकडे कुण्णी दगावलेलं नाही."

"तुला माहीत नसेल, मामा."

"माझ्या घरातलं मला माहीत नाही?"

तरी सकाळी दार उघडायच्या आधीच दोघं या जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीच्या पायरीवर येऊन उभे होते. जुन्या घराच्या नंबरावर जेवढ्या नोंदी असतील तेवढ्या बघायच्या, म्हणजे भाचीचं समाधान होईल, एवढाच मामांचा हिशेब होता.

"चूक आहे हो बाई," मामा आता चष्मा पुसत म्हणाले. "त्यावर लाल रेघ मारलीय, ती नाही दिसत का? दुबार म्हणून लिहिलंय बाजूला."

"दिसते ना. ही मूळ वही नाही, नक्कल आहे. मूळ भिजून गेली. ज्यानं उतरवून काढली त्यानं एकच नाव दोनदा आलं की खोडायचं, असं धरलं असणार." बाईंनी मागची पानं चाळली. "हं. याच्या आधी हा एक. हाही खोडलाय, दुबार. आणि त्याच्या आधीचा हा. हा तेवढा ठेवलाय. तीन वेळा वारलात काका तुम्ही!"

"बघ," मामा भाचीकडे वळले. "मी म्हटलं नव्हतं? नकलणाऱ्याची काही चूक नाही. आम्हीसुद्धा असंच करायचो. एका घरावर एकाच नावाचे दोन नळ दिसले, की मार रेघ. विचारायला कोण जातंय?"

भाची उठून आली. तिनं रजिस्टर स्वतःकडे वळवून घेतलं आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचली. मग परत वाचली.

"मामा, यातला पहिला अकरा महिन्यांचा. दुसरा सात महिन्यांचा. तिसरा आठ महिन्यांचा. मधे दीड-दीड वर्षाचं अंतर." तिचा आवाज अगदी खाली गेला होता. "एकच मूल तीन वेगवेगळ्या वयांत तीनदा कसं मरेल?"

मामा चष्मा चढवून वहीवर वाकले.

बाईंनी जन्माचं रजिस्टर काढलं. तिथे कुणी रेघा मारल्या नव्हत्या. तीन जन्म, तिन्ही मुलगे, तिघांचं नाव एकच, मामांचं. आजोबांचं नाव घरात चालवायचं असा वडिलांचा हट्ट होता, एवढं मामांना ठाऊक होतं. तो हट्ट कितव्यांदा पुरा झाला, हे कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्याची जन्मतारीख बघून ते दचकले. शाळेच्या दाखल्यावर, नोकरीच्या कागदावर, पेन्शनच्या पुस्तकावर हीच तारीख होती.

"मग माझी?" त्यांनी विचारलं. "माझी बघा ना बाई, पुढे असेल."

बाईंनी पुढची पाच वर्षं पान न पान बघितली. बहिणीचा जन्म सापडला.

"तुमची नाहीच काका."

म्हणजे चौथ्या खेपेला वडील नोंद करायला आलेच नाहीत. लिहिलं की जातं, अशी धास्ती घेतली असेल. की इथली पायरी चढायचं त्यांच्या जिवावर आलं असेल? सांगायला आता कोण होतं. शाळेत घालायच्या वेळी कागद लागला, तेव्हा तिसऱ्याचा घरात होता, तोच दाखवला. वर्गात मामा सगळ्यांत बुटके. पोरं त्यांना चिमटी म्हणायची, आणि मास्तर म्हणायचे, वयाच्या मानानं फारच खुजा आहेस रे. खुजे कसले, ते आपल्या वयाएवढेच होते.

आणि आई. आईनं त्यांना जन्मात नावानं हाक मारली नाही. "अरे", "ऐकलंस का", फार तर "पोरा". बहिणीला मात्र गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी नाव घेऊन हाक. मामांनी हा सल कुणाला सांगितला नव्हता, बायकोलासुद्धा नाही. आईच्या शेवटच्या आजारात एकदा न राहवून ते म्हणाले होते, "माझं नाव काय, सांग बरं." आईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. एकदा घेतलं असतं तर काय बिघडलं असतं हिचं, म्हणत मामा तणतणत बाहेर निघून गेले होते. पायात चपलाही न घालता.

भाची दारात जाऊन फोनवर बोलत होती. "हो डॉक्टर. तीन. तिन्ही मुलगे. वर्षाच्या आतले." मग बराच वेळ नुसतं "हं, हं." परत आली तेव्हा तिचे ओठ कोरडे पडले होते.

"आजच सुरू करताहेत. उशीर झालाय म्हणाल्या. पण करताहेत." ती बाकावर बसली. "या तिघांच्या नकला फायलीला लावायला हव्यात, मोठ्या तपासणीसाठी."

"घेऊ की. लगेच घेऊ."

"मामा, मोठ्याच्या वेळी कुणी एवढं एकच सांगितलं असतं..." तिनं ओढणीचं टोक तोंडात कोंबलं. सासूनं दोन वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं होतं, हिनं गार पाण्यानं आंघोळ घातली पोराला. आणि तीही ते खरं मानून बसली होती. "माझ्यातूनच गेलं ना रे त्याला?"

"तुझ्यातून नाही गं बाई. आमच्यातून." मामांचा हात तिच्या डोक्याकडे निघाला आणि बाकाच्या पाठीवरच थांबला. "आम्ही तुला कोरी पाटी दिली. आम्हालाही तीच मिळाली होती."

बाईंनी तीन फॉर्म पुढे सरकवले. "रक्ताच्या नातेवाइकानंच भरायचे. ठळक अक्षरात."

मामांनी मृताच्या नावापुढे आपलं नाव लिहिलं. खाली अर्जदाराच्या नावापुढे तेच लिहिलं.

"वर-खाली एकच झालं की काका. साहेब म्हणतील, चुकलं."

"म्हणू देत. खरं तेच लिहिलंय."

मृताशी नातं. मामांचं पेन जरा घुटमळलं. हा शब्द त्यांनी आयुष्यात स्वतःसाठी कधी वापरला नव्हता. भाऊ.

"गेलेला थोरला की धाकटा, तेही लिहा," बाई म्हणाल्या. "लागतं."

अकरा महिन्यांचा. सात महिन्यांचा. आठ महिन्यांचा. आणि समोर बसलेले मामा, डोक्यावर एक केस काळा नाही.

"थोरला," त्यांनी लिहिलं. दुसऱ्या फॉर्मवर लिहिलं. तिसऱ्यावर लिहिताना भाचीनं येऊन कागदाचा कोपरा दाबून धरला.

शेवटचा रकाना अर्जदाराच्या जन्मतारखेचा होता. मामांनी सवयीनं पेन टेकवलं, मग उचललं. टोपण लावून ते खिशात ठेवलं आणि तिन्ही फॉर्म तसेच बाईंच्या पुढे केले.

बाईंनी रकाना बघितला, मामांकडे बघितलं, आणि काही न विचारता तिन्ही कागदांवर शिक्का मारला.