मुका मध्यम

तिसगावचे रंगनाथराव पेटी घेऊन आले आणि म्हणाले, "नूरुद्दीनभाई, हिचे मध्यम आन् निषाद मुके करा."

माझं डोकंच फिरलं. "चाळीस वर्षं पेट्या दुरुस्त करतोय मी. बिघडवायला बसलोय का इथं?"

त्यांनी आवाज खाली आणला. "माजी बायको मनकर्णा साठाव्या वर्षी भूप राग शिकतीय. भूपात हे दोन सूर लागत न्हाईत, पन तिचं बोट नेमकं तिथंच जातं. मग पेटी मिटून रुसून बसती. लई वाईट वाटतं."

चडफडत मी दोन्ही सुरांना आतून कागद लावले.

दोन महिन्यांनी भात्याला चीर गेली म्हणून मनकर्णाबाई एकट्याच पेटी घेऊन आल्या. भाता नीट होताच त्यांनी भूपाचा आरोह-अवरोह सरळ वाजवला. बोट एकदाही चुकलं नाही.

"कागदाचं मला पहिल्याच दिवशी कळलं," त्या म्हणाल्या.

"मग काढून टाकतो!"

"राहू द्या. अधूनमधून मी मुद्दाम मुक्या मध्यमावर बोट ठेवते. तवा समोर बसून ते गालातल्या गालात कसे हसत्यात, बघायला पायजे तुमी."